आज कोणाचा केक?

लेक पुण्यात शिकते. तिनं परवा मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'मम्मी, नानी के लिए बना दो ना. बस तीन चीज़ें लगती हैं.' व्हिडिओत एक हसतमुख बाई काट्यानं केळी कुस्करत होती. केळी, ओट्स, वर थोडं चॉकलेट, ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं, झालं. मधूनमधून ती विचारत होती, आहे ना सोप्पं? मला उगाचच त्या बाईचा राग आला. बिचारीचं काही चुकत नव्हतं. केळ्यांचा केक सोपाच असतो. माझ्या आईनं तो इतक्या वेळा केला की शेवटी तिचे हातच करायचे, ती स्वतः दुसरीकडेच कुठेतरी असायची. आणि तिच्याकडे ओव्हनही नव्हता.

आई आता रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या जुन्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर पडून आहे. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, पण उठायची उमेद काही परत आली नाही. मी ऑफिसात रजा टाकून तीन महिन्यांपासून इथेच राहते आहे. तिची खोली मागच्या बाजूला होती. न्हाणीघर पुढच्या खोलीला लागून, म्हणून पलंग पुढे आणायचं मीच ठरवलं. सोयीचं पडेल, उजेड येईल, येणारा-जाणारा दिसेल, असं मीच सगळ्यांना सांगितलं. त्या खोलीत पूर्वी कोण होतं याचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला सारला. सोय म्हटली की माणूस असाच वागतो.

पहिला महिना लोक आले. मग कमी झाले. मग कोणीच येईना. आईच्या मैत्रिणींपैकी निम्म्या वरती गेल्या, उरलेल्या मुलांकडे गेल्या, आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सुमनकाकूंना गुडघ्यांमुळे स्वतःच्या घराचीच पायरी उतरवत नाही. दुपारची झोप झाली की आई विचारायची, "कोणी आलं होतं का?" मी नाही म्हणायचे. मग ती जेवणाच्या ताटाकडे पाहायची आणि दोन घास खाऊन पुरे म्हणायची. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही करून द्या. आवडीचं. मी व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले.

तिथे गंज सापडला. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. जाड बुडाचा, एका कानाला दोरी बांधलेला. त्यात केकचा तो जर्मनचा डबा होता, म्हणजे ॲल्युमिनियमचा, तळाला पोचे पडलेला. आणि त्यांच्यामागे, भिंतीला टेकवून, बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. तो उचलायला गेले आणि हात खाली आला, इतका जड. झाकण गंजून बसलं होतं. चमच्याच्या दांड्यानं ते उचकटलं. आत वाळू होती. भाजून भाजून चहाच्या पुडीसारखी काळी झालेली. मी त्यात नाक घातलं. कसलाच वास आला नाही. मला वाटलं होतं, येईल.

ती वाळू दादानं आणली होती. कार्तिकात खारुन नदीच्या काठी महादेव घाटावर पुन्नी, म्हणजे पौर्णिमेचा मेळा भरतो. दादा मित्रांसोबत सायकलनं गेला होता. आईनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की गरम वाळूवर केक होतो, आणि तिनं नुसतं म्हटलं होतं की घाटावर जातोसच तर मूठभर वाळू आण. हा पठ्ठ्या हँडलला पिशवी लटकवून पाच-सहा किलो घेऊन आला. ओल्या वाळूनं पिशवी गळत होती आणि घाटापासून घरापर्यंत पाण्याची रेघ. आई म्हणाली, "अरे, केक करायचा आहे, घर नाही बांधायचं." दादा म्हणाला, "राहू दे, जिंदगीभर पुरते." तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, मी दहा.

पुढच्या वर्षी गणपती उठले आणि दादा पलंगावर पडला. त्याला काय झालं होतं ते मी लिहिणार नाही. लोकांना पहिल्यांदा तेच विचारायचं असतं, आणि नाव कळलं की त्यांचं समाधान होतं, जणू काही तेवढंच जाणून घ्यायचं होतं. तो दीड वर्षाच्या वर या पुढच्या खोलीत होता. डोकं खिडकीकडे, पाय दाराकडे. खिडकीतून गेट दिसायचं नाही, मध्ये पेरूचं झाड होतं. कडी मात्र ऐकू यायची. लोखंडी गेट, वरून खाली पडणारी लोखंडी कडी. उघडताना करकर, लावताना ठण्.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये, हे आपल्या लोकांत कोणाला शिकवावं लागत नाही. आणि हातात काय न्यायचं तर केळी. सफरचंदं महाग, बिस्किटं पोरकट, केळी कशी बरोबर. पहिल्या हिवाळ्यात आमच्या घरी केळ्यांचे घडच्या घड साठले. बाबांच्या रेल्वेच्या ऑफिसातले लोक अर्धा डझन आणायचे, कॉलोनीतले अर्धा डझन, दादाचे मित्र तर वर्गणी काढून अख्खी फणी. स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीनं टांगलेली ती केळी आधी हिरवट, मग पिवळी, मग ठिपक्याठिपक्यांची आणि चौथ्या दिवशी काळी. थंडीत केळ्यानं कफ होतो म्हणून आई दादाला एकही देत नसे. टाकून देणं तिच्या हाताला माहीत नव्हतं. मग एक दिवस तिला ती वाळू आठवली.

आधी गंजात वाळू तापायची. त्या वासानं मुर्रा, म्हणजे मुरमुरे, भाजणाऱ्यांच्या भट्टीशी उभं राहिल्यासारखं वाटायचं. आई काळी केळी हातानंच कुस्करायची, त्यात किसलेला गूळ, तो विरघळेपर्यंत बोटं फिरवत राहायची. मग कणिक, घरच्या सायीचं तूप, चिमूटभर मीठ, आणि शेवटी खायचा सोडा आणि त्यावर चमचाभर ताक. ते फसफसलं की ती मला बोलवायची, कारण मला ते पाहायला आवडायचं. डब्याला तूप लावून पीठ भुरभुरलेलं असायचं. डबा वाळूवर, गंजावर परात, परातीवर वरवंटा. मग तास-सव्वा तास कोणी झाकण उघडायचं नाही. गूळ कडेला जळायला लागला की वास स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत, तिथून पुढे जायचा आणि दादा ओरडायचा, "लागला का वो आई?" अंडं नाही, व्हॅनिला नाही, ओव्हन नाही. आई म्हणायची, भाजलेल्या केळ्यानं कफ होत नाही. हे शास्त्र तिनं कुठून आणलं ते तिलाच ठाऊक.

आणि केकला नाव असायचं. हे दादानंच सुरू केलं. पहिला केक ताटलीत आला तेव्हा त्यानं विचारलं, "आज कोणाचा केक?" म्हणजे केळी कोणी आणलेली. आई म्हणाली, पप्पूची. त्यानं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "पप्पूचा केक पप्पूसारखाच. वरून कडक अन् मधात नुसता चिखल." आम्ही हसलो. मग तो म्हणाला, "पण सांगजो त्याले, झ्याक झाला म्हणून." त्यानंतर हे ठरूनच गेलं. ताटली आली की कोणाचा केक, खाऊन झालं की सांगजो त्याले. विनोदचा केक, ऑफिसवाल्या काकांचा केक, भनपुरीला ट्रकच्या गॅरेजात कामाला लागलेल्या राजूचा केक. राजूच्या केकला डिझेलचा वास येतो असं दादा म्हणायचा, आणि राजू पुढच्या वेळी आला की त्याच्या तोंडावरही म्हणायचा.

उन्हाळा लागला. कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या भिजवायचं काम माझं होतं. त्या ओल्या वासात दुपारी खोली अंधारी आणि थंड असायची आणि दादा डोळे मिटून पडलेला असायचा. तो झोपत नसे. त्याला झोप लागतच नसे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पायाशी बसून गृहपाठ करायची आणि तो मध्येच म्हणायचा, "पोस्टमन," आणि खरंच पोस्टमन असायचा. दूधवाला कडी दोनदा आपटतो, बाबा एकदाही आपटत नाहीत, हातानं अलगद ठेवतात. शेजारच्या काकू कडी लावायचं विसरतात. हा आमचा खेळ होता. आई या खेळात नव्हती. ती मागे असायची, स्वयंपाकघरात, जिथे पाण्याची मोटर आणि कुकर आणि रेडिओ यांच्यात पुढचं काही ऐकू जायचं नाही. पुढे आली तरी गोळी, पाणी, चादर, आणि परत मागे.

पावसाळ्यात मित्र कमी झाले. त्यांना दोष तरी काय द्यायचा? एकाला भिलाईत नोकरी लागली, एकाचं लग्न ठरलं, परीक्षा आल्या, पोरी आल्या आयुष्यात. विनोद शेवटी आला तेव्हा सगळा वेळ घड्याळाकडे पाहत होता आणि दादाच त्याला म्हणाला, "जा बे, तुले उशीर होऊन राहिला." खिळ्याला दोरी नुसती लोंबायला लागली. मग एक दिवस दादानं सहज विचारलं, "आई, बरेच दिवस झाले, केक नाही झाला." आईनं माझ्याकडे पाहिलं. मला आजही ती तशीच दिसते, फडक्याला हात पुसताना थांबलेली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला मागच्या दारानं पाठवलं. मागच्या गल्लीत लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारी टोपलीत केळी घेऊन बसायची. "काळी झालेली आण," आई म्हणाली, "अन् मागूनच ये. समोरून नको येजो." संध्याकाळी केक झाला. दादानं विचारलं, आज कोणाचा? आई म्हणाली, "विनोदचा. दुपारी येऊन गेला बिचारा. तू झोपला होता, म्हणून उठवलं नाही." दादानं खिडकीकडे पाहिलं. मग त्यानं तुकडा उचलला. खाऊन झाल्यावर म्हणाला, "सांगजो त्याले, झ्याक झाला म्हणून."

मग हे चालूच राहिलं. आठवड्याला एकदा, कधी दोनदा. म्हातारी मला ओळखायला लागली. लांबून दिसले की म्हणायची, "कइसे नोनी, आज घलो करिया केरा? घर मं हाथी पोसे हस का?" म्हणजे, आज पण काळी केळी? घरी हत्ती पाळलाय का? मी "हव" म्हणायची आणि पिशवी पुढे करायची. आई आळीपाळीनं नावं घ्यायची, एकच नाव लागोपाठ येणार नाही याची काळजी घ्यायची. कधी निरोपही जोडायची. पप्पू म्हणत होता क्रिकेटमध्ये तुझ्याविना मजा नाही. राजूनं विचारलंय सायकल विकायची का. आईला खोटं बोलता येत नसे, आयुष्यात कधी आलं नाही, पण या एका बाबतीत ती इतकं छान खोटं बोलायची की कधी कधी मलाच वाटायचं, आला असेल पप्पू, मी शाळेत असताना.

तिच्यासाठी एवढं एकच उरलं होतं. औषध तिच्या हातात नव्हतं, दादाचे पाय तिच्या हातात नव्हते. पोराला आपली आठवण कोणाला तरी आहे असं वाटत राहावं, एवढं ती करू शकत होती, आणि ते ती गूळ-कणकेनं करत होती.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, शाळेचं गॅदरिंग होतं. मी नाचात होते, पहिल्या रांगेत. आई येते म्हणाली होती. आली नाही. मी गालाला लाली, केसात गजरा, अशी एकटी चालत घरी आले तर आई मागच्या दारात उभी, हातात पिशवी. "जा वं, पटकन घेऊन ये. आज त्याचं मन नाही लागून राहिलं." नाच कसा झाला हे तिनं विचारलं नाही. मी त्याच कपड्यांत गेले. म्हातारी हसली. केक झाला, ताटली मीच घेऊन गेले, कारण आईनं देव्हाऱ्याशी दिवा लावायला घेतला होता.

"आज कोणाचा?" दादानं विचारलं.

"विनोदचा," मी म्हटलं.

त्यानं खाल्लं. म्हणाला, "सांगजो त्याले..."

"विनोद-बिनोद कोणी येत नाही," मी म्हटलं. "पप्पू पण नाही येत. कोणीच नाही येत तुले भेटायले. केळी मी आणते, मागच्या गल्लीतून."

मी बारा वर्षांची होते. हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दादा चावत राहिला. नीट, सावकाश. मग म्हणाला, "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी का झोपतो दुपारी? कडीच वाजली नाही."

"मग काहून खातो?"

"आई करून राहिली नं," तो म्हणाला. मग माझ्या गालाची लाली अंगठ्यानं थोडी पुसली, आणि अंगठा चादरीला. "हे पाह्य, आईले नको सांगजो. कधीच नको सांगजो. तिले वाटू दे." आणि मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, "अन् पुढच्या वेळी गेट तरी वाजवत जा, पोट्टे. विनोद का भिंतीवरून उडी मारून येते?"

तेव्हापासून मी गेट वाजवायला लागले. केळी मागून आणून स्वयंपाकघरात ठेवायची, मग घराला वळसा घालून पुढे जायची, कडी उघडायची, दहापर्यंत मोजायचं, कडी आपटायची. विनोदची जोरात, काकांची हळू. आत दादा ऐकत असायचा. मी आत आले की डोळा मारायचा. त्या महिन्यात छेरछेराच्या दिवशी कॉलोनीतली पोरं घरोघरी धान मागत फिरत होती, तेव्हा सकाळपासून आमचं गेट इतकं वाजलं की दादा म्हणाला, "आज तर पूर्ण रायपूर मले भेटायले आलं." मी हसले. आईही हसली, तिला कळलं नसतानाच. माझ्या लहानपणातला शेवटचा हसण्याचा आवाज मला आठवतो तो हा.

अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी तो गेला. बाजारात मातीचे नवरा-नवरी विकायला आले होते, पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावायच्या तयारीत होत्या. शेवटचे काही दिवस आई केकचा चुरा दुधात भिजवून त्याच्या ओठांना लावायची आणि नाव सांगायची. तो मान हलवायचा.

त्या दिवशी सगळे आले. पप्पू आला, राजू भनपुरीहून तेलकट हातांनी तसाच आला, विनोद बायकोला घेऊन आला. इतके लोक की कोणीतरी गेटला विटेचा टेकू दिला आणि ते उघडंच ठेवलं. दिवसभर कडी वाजली नाही. आईनं विनोदचा हात धरला आणि म्हणाली, "तुझा केक त्याले लय आवडायचा रे. दर वेळी म्हणायचा, विनोदले सांगजो." विनोद तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. बरं झालं, दुःखात माणूस काहीही बोलतो असं लोक धरून चालतात.

त्यानंतर आईनं केक केला नाही. गंज माळ्यावर गेला. पुढची खोली बंद राहिली, मग तिथे ट्रंका आणि गाद्या आल्या. बाबा निवृत्त झाले, गेले. माझं लग्न झालं, मूल झालं. या सगळ्या वर्षांत आई दादाबद्दल फार बोलली नाही. पण जे बोलायची ते एकच वाक्य असायचं, आणि ते ती कोणालाही सांगायची, भाजीवालीला, नर्सला, माझ्या सासूला. "काही नाही करू शकले मी त्याच्यासाठी. पण माझ्या पोराले शेवटपर्यंत वाटत होतं की लोकं येतात. तेवढं मात्र केलं." ते वाक्य बोलून झालं की तिचा श्वास थोडा मोकळा व्हायचा. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. तीस-पस्तीस वर्षं. दादाला दिलेला एवढा एक शब्द मी पाळला.

तर परवा मी वाळू चाळली, कारण तिच्यात झुरळांची अंडी होती. मागच्या गल्लीत आता तो लिंब नाही, म्हातारीही नाही. औषधाच्या दुकानाशेजारच्या ठेल्यावरून केळी आणली. भैयानं चांगली पिवळी काढून दिली. मी काळी मागितली तर म्हणाला, "दीदी, ये तो गाय को डालने वाली हैं." तीच घेतली. गूळ किसला, कणिक घातली. वाळू तापली आणि तो वास आला. डब्यात नव्हता, आगीवर आला. मी डबा वाळूवर उतरवला, परात झाकली आणि वर वरवंटा ठेवला.

केक एका बाजूनं करपला. मी ताटलीत दोन तुकडे घेऊन गेले. आई जागीच होती. तिनं ताटलीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी नाव देऊ शकत नाही. मग म्हणाली, "केळी कुठली?"

मी आधीपासून ठरवलं होतं असं नाही. तिनं खावं, एवढंच मला हवं होतं. आणि ती आता बरंच विसरते, सकाळचं दुपारी तिला आठवत नाही, असं डॉक्टरही म्हणतात आणि मीही मानते.

"सुमनकाकूंनी आणली," मी म्हटलं. "सकाळी येऊन गेल्या. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही."

आईनं तुकडा उचलला. एक घास घेतला. चावता चावता तिची नजर खिडकीकडे गेली. पेरूचं झाड आता नाही, पण कुंपणाची भिंत उंच केली आहे, गेट अजूनही दिसत नाही.

"सकाळी दूधवाला आला," आई म्हणाली. "मग सिलिंडरवाला. मग तू गेली अन् आली. बस्."

मी चादरीवर पडलेला चुरा वेचला.

"इथून सगळं ऐकू येते वं," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, खिडकीशीच. "एकेक कडी ऐकू येते. मले नव्हतं मालूम. मी तं मागेच राहायची." तिनं उशीवर हात फिरवला. "त्याचं डोकं इथेच होतं. इथेच होतं नं?"

गेट वाजवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जी गोष्ट मला दादानं शिकवली, ती मी विसरले. आणि आता तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की ती दिवस जुळवत चालली आहे, एकेक केक, एकेक नाव, एकेक न वाजलेली कडी. मला काहीतरी करायचं होतं, लवकर.

"मी वाजवायची, आई," मी म्हणाले. "केळी ठेवून पुढे जायची अन् कडी वाजवायची. विनोदची जोरात. त्याला कळलं नाही काही. मी वाजवायची."

आई माझ्याकडे वळली. किती वर्षांत तिनं मला इतकं नीट पाहिलं नसेल.

"तुले कोणी सांगितलं होतं वाजवायले?" तिनं विचारलं. "मी तं नाही सांगितलं."

काहीही बोलले असते तरी चाललं असतं, माझंच डोकं म्हटलं असतं तरी. पण मला ते सुचलं नाही, आणि गप्प राहिले तेवढा वेळ तिला पुरला. तिनं उरलेला तुकडा ताटलीत ठेवला. हाताला लागलेले कण झटकले, एकेक, सावकाश.

"खिडकी लाव," ती म्हणाली.

मी खिडकी लावली, कडी घातली, पडदाही ओढला. संध्याकाळी दूधवाल्याचा पोरगा रिकामी कॅन न्यायला आला. बंद खिडकीतूनही गेट उघडल्याची करकर आली, आणि मग ठण्. आईनं डोळे मिटलेलेच ठेवले. ती झोपलेली नव्हती.